लाल दिवा कधी लागतो, कधी विझतो : मोटारीच्या चार्जिंगचा दोष कसा शोधावा



आपल्या कार्यक्षेत्रातील कितीतरी घरांतली मुले नोकरीधंद्यानिमित्त उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात स्थायिक झाली आहेत. कुणी अंबरनाथच्या एमआयडीसीत आहे, कुणी ऑर्डनन्स फॅक्टरीत, कुणाचे उल्हासनगरात छोटे दुकान आहे, तर कुणी बदलापूरला घर घेऊन रोज लोकलने मुंबई गाठतो. सणाला, लग्नकार्याला किंवा ऊसतोडीच्या वेळी ही मंडळी आता एसटीऐवजी स्वतःच्या चारचाकीने मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून गावी येतात. गाडी नवी असो की चौथ्या हाताची, एक तक्रार मात्र वारंवार कानावर येते. "चार्जिंग कधी होतं, कधी होत नाही. मिस्त्रीला दाखवलं की सगळं ठीक असतं."

कायमचा बिघाड पकडणे सोपे असते. येऊन-जाऊन असणारा बिघाड मात्र माणसाला दमवतो आणि खिसाही रिकामा करतो. बॅटरी बदलली जाते, पुन्हा तोच प्रकार होतो, पुन्हा बॅटरी बदलली जाते. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली ही गत. पैसे जातात ते जातातच, पण पावसाळ्यातल्या रात्री धुके दाटलेल्या घाटात दिवे मंद होऊन गाडी बंद पडली, तर प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो. म्हणून या अंकात हा विषय आम्ही जरा सविस्तर घेतला आहे. ट्रॅक्टर चालवणाऱ्या सभासदांनीही तो वाचावा, कारण ट्रॅक्टरचे चार्जिंग याच तत्त्वावर चालते.

टाकी, मोटर आणि पाइप

आधी व्यवस्था समजून घेऊ. बॅटरी ही पाण्याची टाकी धरा. अल्टरनेटर ही टाकी भरणारी मोटर. तारा म्हणजे पाइप. गाडी सुरू करताना सेल्फला जो मोठा झटका लागतो तो टाकीतून जातो. इंजिन सुरू झाल्यावर दिवे, वायपर, पंखा, इंधनाचा पंप यांचा सगळा खर्च मोटरने भागवायचा आणि शिवाय टाकीही पुन्हा भरायची, असा हिशेब आहे. मोटर बंद पडली तरी टाकीत पाणी असेपर्यंत घरातला नळ चालू राहतो, म्हणून कुणाच्या लगेच लक्षात येत नाही. गाडीतही नेमके हेच होते. चार्जिंग थांबले त्या क्षणी गाडी थांबत नाही. ती तासाभराने थांबते, आणि तोवर आपण कुठल्यातरी अडचणीच्या जागी पोहोचलेलो असतो.

आपल्या कारखान्यात चिपाडावर बॉयलर चालतो, वाफेवर टर्बाइन फिरते आणि टर्बाइनला जोडलेला अल्टरनेटर वीज तयार करतो. मोटारीतला अल्टरनेटर हे त्याचेच लहान भावंड. टर्बाइनऐवजी येथे इंजिनचा पट्टा पुली फिरवतो. आत मधोमध रोटर फिरतो. त्याच्यावरच्या गुंडाळीत थोडा प्रवाह सोडला की तो लोहचुंबक बनतो. हा प्रवाह दोन छोट्या कार्बनमधून रोटरच्या तांब्याच्या दोन कड्यांवर जातो. रोटरभोवती न हलणारी गुंडाळी असते, तिला स्टेटर म्हणतात. तिच्यात तीन फेजची उलटसुलट वीज तयार होते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने जाणारी वीज लागते, म्हणून सहा किंवा अधिक डायोड तिला सरळ करतात. शेवटी रेग्युलेटर. टाकी भरली की फ्लोट जसा पाणी तोडतो, तसा रेग्युलेटर रोटरचा प्रवाह कमी-जास्त करून व्होल्टेज आवाक्यात ठेवतो.

जुन्या फियाट-अँबॅसिडरमध्ये अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता. इंजिन हळू फिरत असताना डायनामो पुरेसे चार्जिंग करत नसे आणि उभ्या गाडीत लाल दिवा मिणमिणणे हे चालकाला नेहमीचेच होते. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर चित्र बदलले. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर बसवला आणि पुढे जगभर तोच रूढ झाला. आपल्याकडे मात्र गॅरेजमध्ये आजही अल्टरनेटरला 'डायनामो'च म्हणतात. मिस्त्री तसे म्हणाला तर गोंधळून जाऊ नये.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी. ज्या वालचंद हिराचंदांनी रावळगाव आणि वालचंदनगर येथे साखर कारखाने उभारले, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी मोटारी बाहेर पडल्या. याच कंपनीच्या कल्याण-डोंबिवलीजवळच्या कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ ही मोटारही तयार होत असे. तेव्हा साखर आणि मोटार यांचे नाते आपल्याकडे जुने आहे आणि ज्या पट्ट्याबद्दल आपण बोलतो आहोत तोही मोटारीला नवखा नाही.

या पट्ट्यातच तक्रार जास्त का जाणवते?

तीन कारणे आहेत.

पहिले, वाहतूक. कल्याण-बदलापूर रस्त्यावर उल्हासनगर, अंबरनाथ ओलांडताना गाडी चालते कमी आणि उभी जास्त राहते. इंजिन मंद फिरते, त्याबरोबर अल्टरनेटरही मंद फिरतो. वर एसीचा पंखा, रेडिएटरचा पंखा, दिवे आणि पावसाळा असेल तर वायपरही चालू. अशा वेळी धडधाकट अल्टरनेटरही जेमतेम खर्च भागवतो. ज्याची थोडी जरी कमतरता असेल तो तिथे उघडा पडतो.

दुसरे, छोटा प्रवास. घरापासून स्टेशनपर्यंत गाडी न्यायची, दिवसभर उभी ठेवायची आणि संध्याकाळी परत आणायची. सेल्फने घेतलेला खर्च दहा मिनिटांत भरून निघत नाही. अशा गाडीची बॅटरी चार्जिंग उत्तम असूनही उपाशी राहू शकते. तिच्यात दोष नाही, वापरात आहे. आठवड्यातून एकदा तासभर मोकळ्या रस्त्याने चालवली की फरक दिसतो.

तिसरे, पाणी. उल्हास नदीच्या काठी वसलेल्या या गावांनी २६ जुलै २००५ चा पूर पाहिला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा पावसात सोसायटीच्या आवारात उभ्या गाड्यांत पाणी शिरते. पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर इंजिनच्या खालच्या बाजूला असतो, त्यामुळे आसनापर्यंत पाणी आले नाही तरी अल्टरनेटर भिजून गेलेला असतो. गाळ कार्बनच्या घरात बसतो, कड्यांवर गंज-मळ धरतो, बेअरिंगमधले ग्रीस धुतले जाते. लगेच काही होत नाही. दोन-चार महिन्यांनी घरघर सुरू होते आणि चार्जिंग लपंडाव खेळू लागते. तोवर पुराची आठवण कुणाला राहत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना तिने पाणी पाहिले आहे का, हे जरूर विचारावे.

पहिली पायरी : वहीत नोंद

येऊन-जाऊन होणाऱ्या बिघाडावर सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे चाळीस पानी वही. वजनकाट्यावर जशी प्रत्येक गाडीची नोंद होते, तशी प्रत्येक वेळची नोंद करावी. लाल दिवा लागला तेव्हा इंजिन थंड होते की तापलेले? गाडी उभी होती की पळत होती? पाऊस होता का? खड्ड्यातून, गतिरोधकावरून गेल्यावर लागला का? दिवे किंवा एसी लावताच लागला का? पट्ट्याचा किंचाळल्यासारखा आवाज आला का?

आठ दिवसांच्या नोंदी बघितल्या की दोष स्वतःच बोलू लागतो. पाऊस पडल्यावर आणि गाडी सुरू केल्या केल्या लागतो, किंचाळतोही, तर संशय पट्ट्यावर. खड्ड्यात लागतो आणि विझतो, तर सैल तार, सैल प्लग किंवा झिजलेला कार्बन. तासभर चालल्यावर, तापल्यावर लागतो आणि सकाळी बेपत्ता, तर रेग्युलेटर किंवा कार्बन. सगळे विद्युत खर्च चालू केले की लागतो, तर पट्टा, डायोड किंवा तारेतला अडथळा. दिवा कधीच लागत नाही पण बॅटरी रोज सकाळी मेलेली, तर उभ्या गाडीत वीज कुठून गळते ते बघावे.

खिशातून दमडी न जाणारी एक परीक्षा येथेच करून घ्यावी. चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. बॅटरीचे चिन्ह असलेला लाल दिवा लागलाच पाहिजे. सुरू केल्यावर तो विझलाच पाहिजे. चावी फिरवून दिवा लागतच नसेल तर "बरं झालं, दिवा नाही म्हंजे दोष नाही" असे समजू नका. बऱ्याच गाड्यांत रोटरला सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. दिवा उडाला किंवा त्याची तार तुटली की अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा इंजिन जोरात रेस केल्यावर जागा होतो. किरकोळ दिव्यापायी सगळा अल्टरनेटर बदलला गेल्याची उदाहरणे गॅरेजवाले स्वतः सांगतात.

दुसरी पायरी : डोळे आणि हात

इंजिन बंद करावे, चावी काढून खिशात ठेवावी. उपरण्याचे, ओढणीचे टोक, सैल बाही पट्ट्याजवळ जाता कामा नये.

पट्टा बघावा. आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल, भेगा असतील, तेल किंवा पाणी लागले असेल तर तो घसरतो. जुन्या पद्धतीच्या पट्ट्याला दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यास साधारण अर्ध्या पेराएवढा झोका असावा. फार सैल असेल तर घसरेल, फार ताणला तर बेअरिंग खाईल. नव्या गाड्यांत ताण देणारी स्प्रिंगची पुली आपोआप काम करते, तिची स्प्रिंग दमली आहे का ते बघावे.

मग बॅटरीची टोके. पांढरी-हिरवी बुरशी दिसली की गरम पाण्यात खायचा सोडा कालवून धुवावी, टोके घासून स्वच्छ करावीत, घट्ट आवळावीत आणि वरून व्हॅसलीन लावावे. टोके काढताना आधी ऋण बाजूचे काढावे आणि बसवताना ते शेवटी बसवावे. हाताने हलवल्यावर टोक फिरत असेल तर पुढे तपासण्याआधी तेच दुरुस्त करा.

बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड अर्थिंगची पट्टी बहुतेक लोक विसरतात. वीज जाते तितकीच परत यावी लागते. ही पट्टी गंजली, नट सैल झाला की चार्जिंग कधी होते, कधी होत नाही. शेवटी अल्टरनेटरच्या मागचा प्लग आणि जाड तारेचा नट. प्लगची पिन काळी पडली, वितळल्यासारखी दिसली, तर बिघाड तिथेच आहे. निम्मे दोष या पायरीवर, पाना आणि पॉलिश पेपर यांच्या जिवावर मिटतात असा आमचा अनुभव आहे.

तिसरी पायरी : मीटर

ऊस पक्व झाला की नाही हे नुसत्या नजरेने ठरवत नाही, आपण ब्रिक्स बघतो. तसेच बॅटरीचे. साधा डिजिटल मल्टीमीटर घ्यावा, तो हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. त्यावर डीसी २० व्होल्टचा टप्पा लावून लाल काडी बॅटरीच्या धन टोकाला आणि काळी ऋण टोकाला धरावी.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी माप घ्यावे. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा खाली जाणारच, पण तो साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी तरी अशक्त आहे किंवा टोके तरी सैल आहेत.

आता इंजिन सुरू करावे. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान गेला पाहिजे. मग मोठे दिवे, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर चालू करावा आणि इंजिन जरा रेस करावे. आकडा १३.५ च्या वर टिकला तर त्या घटकेला चार्जिंग बरे आहे. १३ च्या खाली घसरत गेला तर अल्टरनेटर कमी पडतो आहे. १५ च्या वर चढला तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा वेळी बॅटरी उकळते, दिवे उडतात आणि गाडीतला संगणक धोक्यात येतो. जास्त चार्जिंगला "जोरदार चार्जिंग" म्हणून खूश होऊ नये.

येथे एक सावधगिरी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांपैकी अनेकांत, आणि त्याआधीच्याही काहींत, अल्टरनेटर संगणकाच्या हुकमाने चालतो. इंधन वाचवण्यासाठी तो मुद्दाम चार्जिंग कमी करतो आणि उतारावर वाढवतो. त्यामुळे मीटर कधी साडेबारा, कधी पावणेपंधरा दाखवेल. बॅटरीच्या ऋण टोकावर छोटी डबी आणि बारीक तारांचा प्लग दिसला तर ही व्यवस्था आहे असे समजावे. अशा गाडीत सर्व दिवे लावून माप घ्यावे, आणि शंका राहिली तर संगणक वाचणाऱ्या मिस्त्रीकडे जावे. मायल्ड हायब्रीड गाडीत तर अल्टरनेटरच सेल्फचेही काम करतो. तिथे घरगुती खटाटोप नको.

चौथी पायरी : पाइपातली गळती

समजा अल्टरनेटरच्या मागच्या जाड नटावर १४.३ व्होल्ट आहेत आणि बॅटरीवर १३.१ च दिसतात. मोटर पाणी टाकते आहे, पण टाकीपर्यंत पोहोचत नाही. मग दोष मोटरचा कसा? तो पाइपाचा. हे थेट मोजता येते. इंजिन चालू, दिवे चालू. मीटरची एक काडी अल्टरनेटरच्या नटावर, दुसरी बॅटरीच्या धन टोकावर. आकडा ०.२-०.३ च्या आत हवा. मग एक काडी अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर. तोही ०.२ च्या आत हवा. जास्त दिसला तर त्या वाटेवरचा नट, फ्यूज, जोड, पट्टी एकेक करून साफ करत जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा मोजावे. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुरू होईल, पण कशाने झाली ते कधीच कळणार नाही.

आणखी एक. ही जाड तार तुटली असताना लाल दिवा विझलेलाच राहू शकतो, कारण अल्टरनेटर स्वतःपुरती वीज तयार करत असतो. म्हणून दिव्याच्या साक्षीवर एकट्याने निकाल देऊ नये.

पाचवी पायरी : चोर पकडायचा तो चोरी करताना

थंड गाडी मिस्त्रीकडे नेऊन उपयोग नाही. दोष तापल्यावर येत असेल तर तापवूनच न्यावी. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा छोटा व्होल्टमीटर बाजारात मिळतो. तो लावून ठेवला की कोणत्या क्षणी आकडा पडतो हे चालता चालता शेजारी बसलेल्याला वहीत लिहिता येते. चालकाने मात्र रस्त्यावरच लक्ष ठेवावे.

आकडा पडलेला असताना गाडी बाजूला घ्यावी, इंजिन चालू ठेवावे आणि कोरड्या लाकडी काडीने तारा व प्लग हलके हलवून पाहावेत. आकडा उडी मारतो का? मग स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीने, पट्ट्यापासून लांब राहून, अल्टरनेटरच्या पाठीवर हलकेच ठोकावे. ठोकताच चार्जिंग सुरू झाले तर कार्बन झिजलेले किंवा घरात अडकलेले आहेत, असे बहुतेक खात्रीने म्हणता येते. ठोकणे ही परीक्षा आहे, इलाज नव्हे. ठोकून घाट चढायला निघू नये.

मागच्या दिवाळीत बदलापूरहून आलेली एका सभासदाच्या चिरंजीवांची गाडी आम्ही अशीच पाहिली. आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी १४.१ व्होल्ट दिसत, आणि दिसणारच, कारण गाडी सकाळी थंड अवस्थेत नेली जाई. वहीत नोंदी ठेवल्यावर दिसले की दिवा लागतो तो तासाभराने, आणि बहुधा गतिरोधकानंतर. तापवून ठोकले, आकडा १२.३ वरून १४ वर गेला. उघडल्यावर एक कार्बन स्प्रिंगच्या टोकापर्यंत झिजलेला. कार्बनची जोडी बदलली, कडी साफ केली, संध्याकाळी गाडी रस्त्यावर. बॅटरीच्या तुलनेत हा खर्च किरकोळच झाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी पाठवला जात होता तो असा.

सहावी पायरी : उघडल्यावर काय बघावे

हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, पण शेजारी उभे राहून काय विचारायचे ते आपल्याला ठाऊक असावे. घराबाहेर दिसणारा कार्बन साधारण ५ मिलिमीटरवर आला असेल तर तो बदलावा. तांब्याच्या कड्या काळ्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ होतात. त्यांना खोल चर पडले असतील तर केवळ नवे कार्बन टिकणार नाहीत. दोन कड्यांमधला रोध बहुतेक गाड्यांत २ ते ५ ओहमच्या दरम्यान येतो. कडी आणि रोटरचा दांडा यांच्यात मात्र अजिबात जोड दिसता कामा नये.

डायोडचे दुखणे आपल्या शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे. विहिरीवरच्या मोटरचा एक फेज गेला की ती घूं घूं करते आणि पाणी ओढत नाही. तसे एक डायोड गेला की अल्टरनेटर अर्धवट काम करतो. उभ्या गाडीत चार्जिंग दिसते, पण दिवे लावताच ते कोलमडते. लाल दिवा मंदसा मिणमिणतो, रेडिओत घरघर येते. डायोड दुसऱ्या प्रकारे गेला तर उभ्या गाडीतही बॅटरी उलटी अल्टरनेटरमधून रिकामी होत राहते. इंजिन बंद असताना बऱ्याच वेळाने अल्टरनेटरला हात लावला आणि तो कोमट लागला, तर हाच संशय घ्यावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन व दिवे चालू असताना बॅटरीवर माप घेतल्यास अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा येऊ नये. आला तर डायोड तपासून घ्यावेत.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. पहिली, चार्जिंग बघण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टोक काढणे. डायनामोच्या काळात ही युक्ती चालून जाई. आज तसे केले तर व्होल्टेजची उसळी येऊन डायोड, रेग्युलेटर आणि संगणक एका क्षणात जळू शकतात. दुसरी, बॅटरीची टोके पान्याने टेकवून ठिणगी बघणे. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो आणि आम्ल डोळ्यांत उडते.

वाटेत दिवा लागला तर?

हिशेब करून बघू. मोठे दोन दिवे ५५ वॅटचे, म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर. इंधन पंप आणि इंजिनची विद्युत व्यवस्था मिळून आठ-दहा. वायपर चार-पाच. एसीचा पंखा दहाच्या आसपास. मागचे दिवे दोन-तीन. बेरीज तेहतीस-सदतीस. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. कागदावर ती तासभर पुरेल. पण जुनी बॅटरी पूर्ण भरलेली नसते आणि व्होल्टेज उतरले की संगणक तिच्या आधीच हात टेकतो. बदलापूरहून माळशेज घाट गाठायला आणि चढायला दीड-दोन तास लागतात. याचा अर्थ काय? बदलापूरला दिवा लागलेला असताना निघालेली गाडी रात्री नेमकी घाटात किंवा त्याच्या तोंडाशी बंद पडणार.

म्हणून दिवा लागताच एसी, पंखा, गाणी, मोबाइलचे चार्जर बंद करावेत. मोठे दिवे मात्र रात्री बंद करू नयेत. इंजिन बंद करू नये, ते पुन्हा सुरू होईलच असे नाही. मुरबाड, सरळगाव, टोकावडे यांपैकी जे पुढे येईल तिथे, माणसांच्या वस्तीत थांबावे आणि घाट सकाळी चढावा. गावी उशीर झाला तर घरचे रागावतील, इतकेच.

एक अपवाद लक्षात ठेवा. लाल दिव्याबरोबर इंजिनचे तापमान चढू लागले किंवा स्टिअरिंग अचानक जड झाले, तर पट्टा तुटला असण्याचा संभव आहे. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी घेऊन ताबडतोब इंजिन बंद करावे, नाहीतर कार्बनच्या खर्चावरून गोष्ट हेडगॅस्केटवर जाईल.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांसाठी

गळीत हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या गव्हाणीकडे येत असतात. ट्रॅक्टर ढकलून किंवा उतारावर सुरू होतो, डिझेल इंजिनला चालायला बॅटरीची गरज नाही, म्हणून "चार्जिंग नसलं तरी चालतंय की" असे म्हणून हंगाम काढणारे आहेत. इंजिन चालते हे खरे, पण दिवे चालत नाहीत. उसाने भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्याला उभी असली आणि मागे दिवा नसला, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ती धडकेपर्यंत दिसत नाही. तो स्वार आपल्याच गावचा, आपल्याच नात्यातला असू शकतो. आणि अंबरनाथ-बदलापूरहून रात्री घाट चढून येणारी आपली मुलेही याच रस्त्याने येतात.

तेव्हा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने वर सांगितलेल्या पहिल्या तीन पायऱ्या पार पाडाव्यात : चावीवरचा दिवा, पट्टा व टोके, आणि मीटरवरचे माप. ट्रॉलीच्या मागच्या दिव्याची तार जोडून तो पेटतो का ते बघावे. लाल परावर्तक पट्ट्या तर दिव्याशिवायही उपयोगी पडतात, त्या लावायला विसरू नये. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये यावे. माप घेऊन दाखवायला आम्हाला आनंदच वाटेल.

— वाहन विभाग